त्रेचाळीस फुटांच्या आधीचे बोलणे

पत्राचा सारांश: कोल्हापुरातील एका वाचक भगिनीने हे पत्र लिहिले आहे. त्या शिक्षिका असून सासर राजारामपुरीत, तर माहेर गंगावेशीकडून नदीच्या दिशेने उतरत जाणाऱ्या एका गल्लीत आहे. तिथे त्यांचे बहात्तर वर्षांचे वडील आणि सहासष्ट वर्षांची आई दोन म्हशींसह राहतात. धाकटा भाऊ पुण्याला नोकरीस आहे. २०१९ च्या ऑगस्टमधील महापुरात घरात कमरेच्या वर पाणी चढले, तरी वडिलांनी घर सोडले नाही. दोन रात्री आईसह माडीवर काढल्यावर तिसऱ्या दिवशी त्यांना बोटीने बाहेर आणावे लागले. निघताना म्हशींची दावी सोडून दिली होती, नंतर दोघींपैकी एकच सापडली. २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा पाणी आले, तेव्हा वडील बोटीतही बसले नाहीत. तेव्हापासून या भगिनी त्यांना बातम्या, आकडे, पुराच्या चित्रफिती दाखवत आल्या आहेत. गेल्या उन्हाळ्यात एका लग्नघरी, पाहुण्यांदेखत, “तुमच्या हट्टापायी आई मरता मरता वाचली,” असे त्या बोलून गेल्या. त्यानंतर वडील त्यांच्याशी कामापुरतेच बोलतात. त्या विचारतात : “यंदा पावसाळ्याआधी वडिलांना त्यांची चूक कशी पटवून देऊ?”

ताई,

तुमचे पत्र मी तीन वेळा वाचले आणि प्रत्येक वेळी शेवटच्या प्रश्नाशी थांबलो. त्या एका प्रश्नात तुम्ही दोन मागण्या गुंफल्या आहेत. वडिलांनी “माझे चुकले” असे म्हणावे, ही एक. आणि पुढच्या वेळी पाणी चढण्यापूर्वी दोघेही कोरड्या जागी असावेत, ही दुसरी. पहिली मागणी पूर्ण झाल्याशिवाय दुसरी होणार नाही, असे तुम्ही धरून चालला आहात. मला नेमकी उलट शंका आहे. पहिल्या मागणीनेच दुसरीची वाट अडवली असावी. जुलैच्या एखाद्या रात्री नदी चढू लागेल तेव्हा वडिलांनी २०१९ विषयी कोणते मत बाळगले आहे, याने काहीही बदलणार नाही. ते कुठे आहेत, एवढ्यानेच बदलेल. म्हणून या दोन गोष्टी आधी एकमेकींपासून सोडवून घ्या आणि तुम्हाला खरोखर कोणती हवी आहे ते मनाशी ठरवा. एकच मिळणार असेल तर तुम्ही कोणती निवडाल, हे मला तुमच्या पत्राच्या काळजीवरूनच कळते.

“चूक पटणे” म्हणजे तुमच्या वडिलांच्या दृष्टीने काय, याचा जरा त्यांच्या जागी बसून विचार करू. पहिल्याच संध्याकाळी निघायला हवे होते, हे त्यांनी कबूल केले, तर आईने माडीवर काढलेल्या दोन रात्री आपल्यामुळे आणि गेलेले जनावर आपल्यामुळे, हेही त्यांना ओघाने कबूल करावे लागते. बहात्तराव्या वर्षी, आयुष्यभर घराचा कर्ता म्हणून जगलेल्या माणसासमोर तुम्ही घर सोडण्याची ही किंमत ठेवली आहे. इतकी किंमत मोजण्यापेक्षा “तेव्हा निघालो नाही तेच बरोबर होते” हे मत घट्ट धरून ठेवणे कोणालाही सोपे जाते आणि ते मत खरे ठरवण्यासाठी पुढच्या पुरातही घरातच थांबणे भाग पडते. त्यांच्या हट्टाचा काही भाग त्यांचा स्वभाव असेल; परंतु काही भाग आपण सगळ्यांनी मिळून त्यांना कोपऱ्यात ढकलल्यामुळे तयार झाला आहे, असे मला वाटते.

आता तुमच्या पत्रातील त्या एका ओळीकडे वळतो, जी तुम्ही जाता जाता लिहिली आहे. दावी सोडली आणि दोघींपैकी एकच सापडली. पुढच्या वाक्यात तुम्ही लगेच २०२१ वर गेलात. वडील मात्र त्या ओळीवरच थांबले असावेत. २०१९ चा धडा तुमच्या लेखी असा आहे की उशिरा निघणे महागात पडते. तीच घटना वडिलांच्या बाजूने पाहिली तर धडा असा निघतो की आपण निघालो आणि म्हैस गेली. २०२१ मध्ये ते बोटीत बसले नाहीत, याचा अर्थ ते काही शिकले नाहीत असा नाही. ते शिकले होते, फक्त तुम्हाला हवे होते ते शिकले नव्हते.

गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर संध्याकाळी म्हशी उभ्या असतात, गिऱ्हाइकासमोर धार काढली जाते आणि फेसाळलेला धारोष्ण दुधाचा पेला हातात येतो, हे आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणापासून पाहिले आहे. आपण पेला संपवून घरी जातो. जो माणूस पहाटे उठून वैरण टाकतो, आंघोळ घालतो आणि आजारात रात्र रात्र गोठ्यात बसतो, त्याच्यासाठी दारातील जनावर हे दुधाचा रतीब आणि महिन्याचा हिशेब यांच्या पलीकडचे काही असते. “म्हशीपेक्षा माणसाचा जीव मोठा” हे वाक्य तुम्ही त्यांना नक्की ऐकवले असेल. ते खरे आहे आणि त्यांनाही ते ठाऊक आहे. परंतु ते ऐकताना त्यांना एवढेच कळते की ही गोठ्याचा विचार करून आलेली नाही. घर रिकामे करण्याविषयीचे तुमचे सगळे बोलणे माणसांपुरते होते आणि त्यांचा सगळा नकार गोठ्यातून येत होता. तुम्ही दोघे इतकी वर्षे एका विषयावर भांडत आहात असे तुम्हाला वाटते. मला तसे वाटत नाही.

तुमचे दुसरे गृहीतक असे दिसते की वडिलांना पाण्याचा अंदाज नाही, म्हणून त्यांना माहिती द्यायला हवी. नदीकाठच्या जुन्या माणसाला अंदाज असतो. प्रश्न त्याच्या मापाचा आहे. तुम्ही लिहिता, ते सारखे म्हणतात की २००५ ला पाणी आमच्या पायरीलाही लागले नाही. त्यांच्या हयातीतले ते मोठे माप होते आणि ते त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी घेतले होते. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी नदी ५५ फुटांच्या वर गेली. म्हणजे नदीनेच त्यांचे माप मोडले. “तुम्हाला कळत नाही” आणि “तुमचे माप बरोबर होते, नदी त्याच्या बाहेर गेली” या दोन वाक्यांत माहिती सारखीच आहे. दुसऱ्या वाक्यात मात्र त्यांना मान खाली घालावी लागत नाही.

त्यांचा आणखी एक ठोकताळा तुम्ही नोंदवला आहे : इथला पाऊस थांबला की पाणी उतरते. लहान पुरात ते पुष्कळदा खरे ठरते. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांचे पाणी प्रयाग चिखलीला एकत्र येते आणि पंचगंगा पुढे नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. कृष्णाच भरून वाहत असेल तर पंचगंगेच्या पाण्याला पुढे सरकायला जागा उरत नाही, त्याला फुगवटा येतो आणि कोल्हापुरात उघडीप असतानाही पाणी तसेच राहते, कधी वाढतेही. ही गोष्ट वडिलांना तुम्ही शिकवू नका. त्यांना विचारा की २०१९ मध्ये पाणी इतके दिवस का उतरले नाही. त्यांच्याकडे उत्तर असेल. त्यात कदाचित कर्नाटकातले अलमट्टी धरण येईल, धरणांचे दरवाजे येतील, नदीपात्रातील भराव येतील. त्या वादात दोन राज्यांची सरकारे आणि तज्ज्ञही गुंतलेले आहेत, तो तुमच्या ओसरीवर मिटणार नाही आणि मिटण्याची गरजही नाही. पूर कोणामुळे आला, याविषयी तुमचे आणि त्यांचे मत कायमचे वेगळे राहिले तरी म्हशी वेळेत बाहेर काढता येतात.

चित्रफितींविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण ही चूक हल्ली घरोघरी होते आहे. तुम्ही वडिलांना ब्रह्मनाळच्या दुर्घटनेची दृश्ये दाखवलीत. ८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यात पूरग्रस्तांना घेऊन निघालेली ती बोट उलटली आणि अनेकांचे प्राण गेले. उशीर केला की काय होते हे त्यांना दिसावे, असा तुमचा हेतू होता. त्यावर वडील म्हणाले, “बघ, म्हणूनच मी बोटीत बसत नाही.” तुम्हाला हे उत्तर आडमुठेपणाचे वाटले. मला ते समजण्यासारखे वाटते. भीती दाखवताना तिच्यातून सुटण्याची जवळची, स्वतःच्या हाताने करता येण्यासारखी वाट सोबत दाखवली नाही, तर माणूस स्वतःच एखादी वाट शोधतो आणि बहुतेक वेळा ती डोळे मिटून घेण्याची असते. खरे तर वडिलांच्या त्या उत्तरातच तुम्हाला हवे ते आहे. त्यांना बोट नको आहे. तुम्हालाही नको आहे. बोटीची वेळ येण्यापूर्वी, कोरड्या रस्त्यावरून, स्वतःच्या पायांनी निघायचे, यावर तुमचे दोघांचे आजच एकमत आहे. ते कोणी मोठ्याने म्हटलेले नाही, इतकेच.

विल्यम मिलर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये दारूच्या व्यसनात अडकलेल्यांशी बोलण्याची एक पद्धत मांडली आणि पुढे स्टीफन रोलनिक यांच्यासह ती वाढवली. त्यांचे मूळ निरीक्षण साधे होते. ज्याच्या मनात दोन्ही बाजू असतात, त्याच्यासमोर समुपदेशकाने बदलाची बाजू हिरिरीने मांडली की तो माणूस दुसरी बाजू मांडू लागतो. आणि आपण जे स्वतःच्या तोंडाने बोलतो, त्यावर आपला विश्वास बसत जातो. तुमच्या वडिलांच्या मनात दुसरी बाजू नसेल, असे मी मानायला तयार नाही. माडीवरून दोन रात्री काळे पाणी पाहिलेल्या माणसाच्या मनात ती असणारच. परंतु ती बाजू तुम्ही इतक्या जोराने, इतक्या वेळा मांडली आहे की त्यांच्या वाट्याला घर न सोडण्याची बाजूच उरते आणि दर भांडणात ते ती आणखी थोडी पाठ करतात.

हे मी पुस्तकातून शिकण्याआधी घरात हरून शिकलो. माझ्या थोरल्या बहिणीने मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करून घ्यावी म्हणून मी दोन वर्षे तिच्यामागे होतो. कागद दाखवले, ओळखीच्या चार माणसांची उदाहरणे दिली, एकदा चिडून बोललो. ती प्रत्येक वेळी “बघू या” म्हणायची आणि माझी समजूत अशी की हळूहळू पटते आहे. एके दिवशी मी थकून सहज विचारले की तुला डोळ्यांमुळे सगळ्यांत जास्त काय अडते. ती बराच वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “पोथी वाचता येत नाही.” त्यानंतर मी काहीच बोललो नाही. दीड महिन्याने तिने भाच्याला सोबत घेऊन स्वतः दिवस ठरवला, मला नंतर कळवले. त्या दोन वर्षांतल्या माझ्या युक्तिवादांपैकी एकही चुकीचा नव्हता, याचे मला आजही वाईट वाटते.

मिलर यांच्या पद्धतीतील एक प्रश्न तुम्हाला उपयोगी पडेल. पाणी वाढले तर वेळेत निघण्याची तुमची तयारी दहापैकी किती, असे शांतपणे विचारायचे. ते “दोन” म्हणाले, तर “दोनच का?” असे विचारायचे नाही, तसे विचारले की ते न निघण्याची कारणे सांगू लागतील. “शून्य का नाही?” असे विचारायचे. मग ते दोन गुण कशासाठी आहेत हे त्यांना सांगावे लागते आणि ती निघण्याची कारणे असतात. आकडा विचारणे तुमच्या घरात कृत्रिम वाटत असेल, तर आपल्या बोलण्यात विचारा : “आप्पा, अजिबातच निघायचे नाही असे आहे, की काही झाले तर निघालही?” हाक तुम्ही मारता तीच मारा, माझा शब्द चिकटवू नका. आणि उत्तर आले की त्यावर लगेच झडप घालू नका. “बघा, तुम्हीच म्हणालात!” हे तीन शब्द अशा संभाषणाचा जीव घेतात.

याच्या जोडीने “का” ऐवजी “कसे” विचारण्याची सवय लावून घ्या. “तुम्ही का निघत नाही?” या प्रश्नाला माणूस बचावाची भिंत उभी करून उत्तर देतो. “रात्री दोन वाजता पाणी गोठ्यात शिरले तर म्हशी कुठल्या बाजूने काढायच्या?” या प्रश्नाला त्याला विचार करावा लागतो. लिओनिद रोझेनब्लिट आणि फ्रँक केल या संशोधकांनी २००२ मध्ये दाखवले की एखादी गोष्ट कशी चालते हे आपल्याला चांगले कळते असे माणसांना वाटत असते. ती पायरी-पायरीने समजावून सांगायला लागली की आपले कळणे किती तोकडे आहे हे त्यांचे त्यांनाच जाणवते आणि ते स्वतःला कमी गुण देतात. इथे एक सावधगिरी हवी. हा प्रश्न उलटतपासणीच्या सुरात विचारलात तर तो पुन्हा आरोपच होईल. तुम्हाला उत्तर खरोखर माहीत नाही म्हणून विचारा. आणि ते खरोखर तुम्हाला माहीत नाही, ताई. वैरण किती दिवसांची लागते, पाण्याला बुजलेली म्हैस दाव्याने ओढली तर काय करते, नवख्या गोठ्यात ती दूध चोरते का, हे तुमच्यापेक्षा त्यांना अधिक कळते.

यातून जो आराखडा निघेल तो त्यांचा असेल. तो कसा दिसू शकतो याची मला थोडी कल्पना करू द्या. तुमच्या मामांचे गाव पन्हाळ्याच्या बाजूला असल्याचे तुम्ही लिहिले आहे. तिकडे म्हशी न्यायच्या तर वाटेवरचा रेडेडोह फुटून पुराचे पाणी बाहेर येण्याआधी न्याव्या लागतील. एकदा तिथे रस्त्यावर पाणी आले की ती वाट बंद होते. म्हणजे जनावरांना माणसांच्या कितीतरी आधी हलवावे लागणार. ते जमणारे नसेल तर शहराच्या दक्षिणेला, उंच भागात कोणाचा गोठा पंधरा दिवसांपुरता मिळतो का, हे आत्ताच पाहावे लागेल. भाड्याचा टेम्पो कोणाचा, वैरण कोण पोचवणार, धार कोण काढणार, याची उत्तरे मे महिन्यात मिळतात. जुलैमध्ये प्रत्येक जण आपापल्या घराच्या मागे असतो. खर्चाचा भार तुम्ही आणि तुमच्या भावाने उचला आणि तो उपकार म्हणून उचलू नका. भावाने पुण्याहून फोनवर काळजी करण्यापेक्षा टेम्पोचे पैसे आणि आठ दिवसांची रजा देणे अधिक उपयोगाचे आहे, हे त्याला तुम्ही मोकळेपणाने सांगावे असे माझे मत आहे.

मग आकड्याचा प्रश्न येतो. राजाराम बंधाऱ्यावर किती फूट पाणी असताना आपल्या गल्लीच्या तोंडाशी पाणी लागते, हे वडिलांना पाठ असेल. सरकारी इशारा पातळी सगळ्या शहरासाठी असते, त्यांचा आकडा त्यांच्या उंबऱ्यासाठी असतो आणि तो अधिक नेमका असू शकतो. राधानगरी धरणाच्या सात स्वयंचलित दरवाजांपैकी किती उघडले, एकेका दरवाजातून १४२८ क्युसेक पाणी सुटले की इथे त्याचा परिणाम केव्हा दिसतो, याचा हिशेबही अशी माणसे ठेवून असतात. तेव्हा त्यांनाच ठरवू द्या : किती फुटांना म्हशी, किती फुटांना आई, किती फुटांना ते स्वतः. तुम्ही फक्त एवढा आग्रह धरा की शेवटचा आकडा ४३ च्या आत असावा आणि तो उन्हाळ्यात ठरावा. त्यांनी “बेचाळीस” म्हटले आणि तुम्हाला “चाळीस” हवे असेल, तर बेचाळीस घ्या. गोठ्याच्या भिंतीवर तो आकडा खडूने त्यांच्या हाताने लिहिलेला असेल, तर ऐन वेळी “तुम्ही ऐकत का नाही?” असे म्हणण्याऐवजी तुम्हाला “आप्पा, बेचाळीस झाले” एवढेच सांगावे लागेल. तेव्हा ते तुमचे ऐकून नव्हे, स्वतःचा शब्द पाळून निघतील.

हे बोलणे तुम्हीच करावे का, याचाही विचार करा. लग्नघरातील त्या वाक्यानंतर तुमच्या तोंडून आलेली प्रत्येक सूचना त्यांना त्याच वाक्याचा पुढचा भाग वाटत असणार. त्याबद्दल आधी क्षमा मागा. “मी काळजीपोटी बोलले” ही पुस्ती न जोडता, “चार माणसांत तसे बोलायला नको होते” एवढ्यावर थांबा आणि त्या दिवशी पुराचा विषय काढू नका. त्यानंतरही पहिला शब्द कदाचित गल्लीतूनच यायला हवा. मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील गृहिणींवर एक प्रयोग केला होता. मांसटंचाईमुळे जनावरांचे हृदय, गुर्दे असे एरवी टाळले जाणारे मांस घरी शिजवले जावे, अशी सरकारची इच्छा होती. काही गटांना उत्तम व्याख्यान दिले. काही गटांत स्त्रियांनी आपापसांत अडचणी बोलून हात वर करून निर्णय केला. आधी कधी न शिजवलेले असे एखादे मांस व्याख्यान ऐकलेल्यांपैकी ३ टक्के आणि चर्चा केलेल्यांपैकी ३२ टक्के स्त्रियांनी पुढे शिजवले. प्रयोग लहान होता आणि त्याला मर्यादा आहेत, पण आपल्या पेठांत राहिलेल्या कोणालाही तो परका वाटणार नाही. तुमच्या गल्लीत जनावरे असलेली पाच-सात घरे असतील. तालमीच्या कट्ट्यावर त्या पाच-सात जणांनी मिळून “यंदा जनावरे आधी काढायची” असे ठरवले, तर त्यात वडील कोणाचे ऐकणारे नसतील, ठरवणाऱ्यांपैकी एक असतील. तालमीतील ज्या मुलांनी २०१९ ला छातीइतक्या पाण्यात उतरून माणसे काढली, त्यांच्यापैकी एखाद्याने “काका, पाण्यात जनावर काढणे आम्हाला जमत नाही, जरा आधी काढू या” असे म्हटले, तर ते तुमच्या दहा चित्रफितींपेक्षा खोल जाईल. त्यात दोष दिलेला नाही, मदत मागितली आहे.

आणि आपल्याच शहरातील एक जुनी गोष्ट इथे आठवते. राजर्षी शाहू महाराजांच्या हाती सत्ता होती आणि त्यांनी ती वापरलीही. १९०२ चा पन्नास टक्के राखीव जागांचा आदेश किंवा सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा ही त्याची उदाहरणे आहेत. पण तेव्हा अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील गंगाराम कांबळे यांनी काढलेल्या चहाच्या दुकानात कोणी पाय ठेवीना, तेव्हा महाराज स्वतः तिथे थांबून लोकांदेखत चहा घेऊ लागले. त्यांच्यासोबतच्या मंडळींना आधी मत बदला, मग चहा प्या, असे सांगितले गेले नाही. आधी चहा प्याला गेला. माणसाचे मत कृतीच्या मागून हळूहळू येऊ शकते, यावर तुमचा विश्वास बसावा म्हणून हे सांगतो. मे महिन्यात एकदा, कोरड्या रस्त्यावरून, म्हशी ठरलेल्या गोठ्यात नेऊन दोन दिवस ठेवून परत आणा. तुम्ही स्वतः सोबत जा. तिथे त्यांनी वैरण खाल्ली, दूध दिले, सुखरूप परत आल्या, हे वडिलांनी डोळ्यांनी पाहिले की २०१९ च्या आठवणीशेजारी एक दुसरी आठवण उभी राहील.

एवढे करूनही ते “नाही” म्हणू शकतात. तसे झाले तर ते तुमचे अपयश मानू नका आणि “मग मी येणारच नाही” अशी धमकी देऊ नका. ती देणाऱ्याला पाळावी लागते आणि पाळली तर पुराच्या रात्री फोन कोणी करायचा हा प्रश्न उरतो. पाणी खरोखर चढत असेल तेव्हा मन वळवण्याची वेळ संपलेली असते. त्या वेळी जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षाच्या १०७७ या क्रमांकावर घरात वृद्ध आणि जनावरे असल्याचे आधीच कळवावे आणि स्थलांतराचे काम प्रशासनाला आणि तालमीच्या मुलांना करू द्यावे. वडिलांना त्या दिवशी तुमचा राग आला तर येऊ द्या. जीव धोक्यात असताना समजुतीची वाट पाहत बसणे हा माझ्या सल्ल्याचा अर्थ कोणी घेऊ नये. ज्यांच्या घरी शस्त्रक्रिया टाळणारे, औषधे बंद करणारे किंवा कोणाच्या शब्दावर सगळी पुंजी गुंतवायला निघालेले वडीलधारे आहेत, त्या वाचकांनीही हा फरक ध्यानात ठेवावा. वेळ हातात असताना ऐकण्यात ती मोकळेपणाने खर्च करावी आणि वेळ संपली की जे करायचे ते करावे.

शेवटी, तुमच्या पत्रात मला सगळ्यांत जास्त खटकले ते सांगतो. तीन पानांच्या पत्रात आई चार वेळा येते आणि चारही वेळा ती कोणीतरी वाचवायची, हलवायची किंवा काळजी करायची व्यक्ती म्हणून येते. तिला काय वाटते, हे कुठेच नाही. माडीवरच्या त्या दोन रात्री तीही तिथे होती. २०२१ ला वडील बोटीत बसले नाहीत तेव्हा तिला जायचे होते का, हे तुम्हाला माहीत आहे का? वडील निघाल्याशिवाय आईने निघायचे नाही, हे घरात कोणी ठरवले नसेल, पण सगळे तसे वागले आहेत, तुम्हीसुद्धा. कदाचित तिला आधी निघायचे असेल. कदाचित तिलाही म्हशींपाशी थांबायचे असेल आणि तुम्ही इतकी वर्षे एकट्या वडिलांना समजावत राहिला असाल. या रविवारी माहेरी जा. दुपारी वडील तालमीकडे गेले की स्वयंपाकघरात तिच्याजवळ बसा आणि विचारा, “आई, तुझा आकडा किती?”